गादी घ्यायची, पण किती मऊ?

आषाढातली रात्र. आमच्या खालापुरात त्या दिवसांत पाऊस पडत नाही, कोसळतो. मागच्या दारातून पाणी आत येतंय का, ते पाहायला अडीचच्या सुमाराला उठले आणि जाता जाता सासूबाईंच्या खोलीत डोकावले. पाहते तो काय, पलंगावरची नवी कोरी गादी रिकामी! आणि सासूबाई खाली लादीवर जुनी गोधडी अंथरून, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेल्या. आमच्याकडे पावसाळ्यात लाद्यांना अक्षरशः पाणी सुटतं. त्या ओलीवर बहात्तर वर्षांची बाई!

मी हाक मारली तशा दचकून उठल्या. उठल्या म्हणजे काय, आधी कुशीवर झाल्या, मग कपाटाची कडी धरली आणि दोन वेळा "आई गं" म्हणून उभ्या राहिल्या.

"आई, हे काय? गादी सोडून खाली?"

"उकडत होतं गं," त्या म्हणाल्या.

पावसात उकडतंय! मला काही पटेना. शेवटी चहाचं आधण ठेवलं, दोघी स्वयंपाकघरात बसलो, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. गादी आणली त्या दिवसापासून, म्हणजे तीन महिने, त्या आठवड्यातले चार दिवस खालीच झोपत होत्या. गादीत अंग रुतायचं, कूस बदलता यायची नाही, कंबर सकाळी लाकडासारखी व्हायची. रात्री मोरीकडे जायला उठताना एकदा तर काठावरून घसरून खाली बसल्या होत्या. नशीब, हाड शाबूत राहिलं.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या शिकवणीच्या पैशांतून आणलीस. एवढ्या हौसेनं आणलीस. कसं बोलायचं?"

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी शाळेत अर्धवेळ मराठी-इतिहास शिकवते, संध्याकाळी चार मुलं शिकवणीला येतात. त्यातून वर्षभर बाजूला टाकलेले साडेचौदा हजार रुपये मी त्या गादीत घातले होते. आणि जिच्यासाठी घातले, तिला एकदाही विचारलं नव्हतं!

माझं कुठे चुकलं?

सासूबाईंची जुनी कापसाची गादी आमच्या लग्नाच्याही आधीची. मधे खड्डा, कडेला गोळे. पूर्वी दिवाळी झाली की पिंजारी दारावर यायचा, पिंजणीची तार वाजली की पोरं जमायची आणि संध्याकाळपर्यंत गादी पुन्हा टच्च फुगायची. आता आमच्या भागात पिंजारी क्वचित दिसतो. म्हणून नवी घ्यायचं ठरवलं आणि सासूबाईंना न सांगता आम्ही दोघंच घाटाखालच्या एका मोठ्या दुकानात गेलो. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना!

दुकानदाराने मेमरी फोमच्या गादीवर पंजा दाबला. उचलला तर पंजाचा ठसा तसाच, मग हळूहळू भरून आला. आम्ही दोघं बघतच राहिलो. "वहिनी, आजींना ढगावर झोपल्यासारखं वाटेल," तो म्हणाला. मी दोन मिनिटं काठावर बसून पाहिलं आणि आठ इंचांची, वर चार इंच मेमरी फोम असलेली गादी घेऊन आलो. आडवी झालेच नाही. का? लाज वाटली! दुकानात चार पुरुष उभे असताना साडी सावरत गादीवर आडवं कसं व्हायचं? आपल्यातल्या कितीजणींचं असंच होत असेल. कुकर घेताना झाकण चारदा लावून पाहणाऱ्या आपण, रोज सात-आठ तास जिच्यावर पाठ टेकायची ती गादी नुसती हाताने दाबून घेतो.

त्यानंतर मात्र मी हट्टाला पेटले. वाचलं, डॉक्टरांना विचारलं, दोन गादी कारखान्यांत जाऊन बसले. त्यातून जे कळलं ते इथे सांगते.

मेमरी फोम म्हणजे काय?

आपण ज्याला स्पंज म्हणतो तो पॉलियुरेथेनचा फोम. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ऑटो बायर यांच्या प्रयोगशाळेत १९३७ साली लागला. मेमरी फोम त्याचाच भाऊबंद. १९६६ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेच्या कामासाठी चार्ल्स योस्ट यांनी तो तयार केला. हेतू होता विमानाची आसनं आरामशीर आणि धक्का सोसणारी करण्याचा. स्वीडनमधल्या कंपनीने त्याची गादी बाजारात आणली ती १९९१ साली. आपल्याकडे तोवर कापूस आणि काथ्याचं राज्य होतं. मणिपालची काथ्याची कर्ल-ऑन १९६२ पासूनची.

साधा स्पंज दाबला की लगेच उसळतो. मेमरी फोम उसळत नाही. अंगाच्या उबेने नरम होतो, अंगाच्या आकाराप्रमाणे खाली बसतो आणि भार काढला की सावकाश वर येतो. त्यामुळे खांदा, खुबा, टाच अशा टोकांवरचा दाब विभागला जातो. हा त्याचा गुण. पण थर जास्त जाड आणि फार मऊ असला तर हाच गुण अवगुण होतो. कमरेचा भाग सगळ्यांत जड, तो खोल जातो आणि पाठीचा कणा झोळीतल्या बाळासारखा वाकतो. शिवाय खड्ड्यातून कूस बदलायला जोर लागतो. तरुणाला तो जाणवत नाही. गुडघे-कंबर धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र दर वेळी डोंगर चढल्यासारखं होतं. सासूबाईंचं नेमकं हेच झालं होतं. त्यात त्या कमरेखाली गरम पाण्याची पिशवी घेत. उबेने तेवढाच फोम आणखी नरम होऊन खड्डा वाढे!

घट्टपणा वेगळा, घनता वेगळी

दुकानात हे दोन शब्द हमखास एकमेकांत मिसळतात. घट्टपणा म्हणजे गादी दाबायला किती जोर लागतो ते. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो ते. घनता जास्त म्हणजे गादी कडक असं नव्हे; घनतेवरून मुख्यतः टिकाऊपणा कळतो. हलका फोम लवकर बसतो. मेमरी फोमची घनता साधारण ४० ते ८० किलोच्या दरम्यान असते. ५०च्या आसपासचा असला तर घरगुती वापराला बरा.

हे खरं की खोटं ते ओळखायचं कसं? माझं गणित यथातथाच, म्हणून हिशोब चिरंजीवांकडून करून घेतला. ७२ बाय ३६ इंचांची गादी, वर २ इंच मेमरी फोम घनता ५० आणि खाली ४ इंच साधा फोम घनता ३२. वरच्या थराचं वजन सव्वाचार किलो, खालच्याचं साधारण साडेपाच. म्हणजे खोळ सोडून गादी पावणेदहा किलोच्या आसपास भरायला हवी. तुमच्या पुढ्यातली गादी सहा-सात किलोच भरली तर दुकानदाराने सांगितलेली घनता कागदावरचीच, असं समजावं. आमच्या साडेचौदा हजारांच्या गादीची खोळ चेन उघडून पाहिली, तर खालचा थर बोटाने दाबला की पार तळाला टेकत होता.

कडक गादी कंबरेला चांगली?

"कंबर दुखते? मग फळीवर झोपा." हा सल्ला आपण लहानपणापासून ऐकतो. पण स्पेनमधल्या डॉक्टरांनी ३१३ जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर याची परीक्षा घेतली आणि निष्कर्ष २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम घट्ट. कोणाला कोणती ते सांगितलं नाही. ९० दिवसांनंतर पाहिलं तर मध्यम घट्ट गादीवाल्यांचं झोपेतलं आणि सकाळी उठतानाचं दुखणं जास्त कमी झालं होतं. हा अभ्यास घट्टपणाचा होता, मेमरी फोमचा नव्हे, हे लक्षात ठेवावे. पण फळीही नको आणि ढगही नको, एवढं त्यातून कळतं.

या अभ्यासात वापरलेल्या युरोपीय मापात १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. दुकानांतून मात्र बहुधा उलटं माप चालतं, १ मऊ आणि १० कडक. तेव्हा "ही सातची आहे" म्हटलं की आधी विचारावं, कोणत्या बाजूने सात? 'ऑर्थो' हा शब्दही तसाच. तो गादीवर छापलेला असतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नव्हे.

आणि एक सांगून ठेवते. कंबरेबरोबर पायाला मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल, ताप किंवा वजन घटणं असेल, तर गादी बदलत बसू नये, आधी डॉक्टरांकडे जावे.

कोणाला कशी?

पाठीवर झोपणाऱ्याला मध्यम किंवा मध्यम घट्ट गादी मानवते. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा थोडा आत जायला हवा, म्हणून वरचा थर जरा मऊ चालतो. पालथं झोपायची सवय असेल तर गादी घट्टच हवी, नाहीतर पोट खाली जाऊन कंबर उलटी वाकते.

वजनाचंही तसंच. तीच गादी पंचेचाळीस किलोच्या बाईला कडक वाटते आणि नव्वद किलोच्या माणसाला मऊ. म्हणून नवऱ्याने झोपून पाहिलेली गादी बायकोला चालेलच असं नाही. दोघांच्या वजनात फार फरक असेल तर जोडगादीऐवजी दोन वेगळ्या गाद्या एका खोळीत घालाव्यात.

वृद्धांसाठी खालचा थर भक्कम, वर दीड-दोन इंचच मेमरी फोम आणि बसल्यावर न दबणारा काठ, एवढं पाहावं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मेमरी फोमवर मुळीच झोपवू नये. मऊ गादीत तोंड रुतून श्वास कोंडण्याची भीती असते. बाळाला सपाट, घट्ट अंथरूणच हवं. उशी नको, लोड नको.

झोपून कसं पाहायचं?

दुपारी, आडवाराला जावं, दुकानात गर्दी नसते. बरोबर एखादी मैत्रीण किंवा नणंद घ्यावी आणि घरची चादर न्यावी. दुकानदाराला सरळ सांगावं, "कोपऱ्यातली गादी दाखवा आणि पंधरा मिनिटं आम्हाला सोडा." मी दुसऱ्या खेपेला असंच केलं. एका कारखानदाराने तर स्वतःहून मधे पडदा ओढून दिला.

पहिल्या दोन मिनिटांत काही कळत नाही, कारण अंगाची ऊब फोममध्ये उतरायला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटं तरी पडून राहावं. पाठीवर झोपून कमरेखाली पंजा सरकवावा. हात आरपार सहज गेला तर गादी कडक. हात शिरलाच नाही तर मऊ. थोडा अडून गेला तर ठीक. मग कुशीवर व्हावं आणि मैत्रिणीला मागून पाहायला सांगावं. मानेपासून कमरेपर्यंत रेघ सरळ दिसली पाहिजे. नंतर हाताचा आधार न घेता कूस बदलून पाहावी आणि शेवटी काठावर बसून उठून पाहावं.

उंची मोजायला विसरू नये. ही चूकही मी केली होती. आमचा पलंग १४ इंच आणि गादी ८, म्हणजे २२ इंच. सासूबाई जेमतेम पावणेपाच फूट. त्यांचे पाय जमिनीला टेकतच नव्हते, मग घसरतील नाही तर काय! बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पुरते टेकले पाहिजेत.

आपल्या हवेतली काळजी

मेमरी फोम थंडीत कडक होतो, उन्हाळ्यात नरम. एप्रिलमध्ये घेतलेली गादी जानेवारीच्या पहाटे वेगळीच लागते, त्याचा विचार करून मधली निवडावी. त्यात वारा खेळत नाही म्हणून उकडतंही. वर जाड प्लॅस्टिकची चादर घालू नये, सुतीच घालावी. म्हणजे सासूबाईंचं "उकडत होतं" अगदीच खोटं नव्हतं!

खालापूर-कर्जतकडे खरा शत्रू म्हणजे ओल. प्लायवूडच्या बंद पेटीच्या पलंगावर गादीच्या तळाला दमट धरते आणि बुरशी येते. आठवड्यातून एकदा गादी उभी करून खालून पंखा सोडावा. पट्ट्यांचा पलंग उत्तम, मात्र दोन पट्ट्यांत तीन इंचांहून जास्त फट नसावी. कापसाच्या गादीसारखी ही कडक उन्हात टाकू नये. उन्हाने फोम पिवळा पडतो, ठिसूळ होतो. सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. पाण्याने तर कधीच धुऊ नये. डाग पडला तर ओल्या फडक्याने वरच्यावर पुसून कोरडा करावा. नव्या गादीला वास येतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवून मोकळी ठेवावी.

फोम फार झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. वीज गेली म्हणून उशाशी मेणबत्ती, पलंगाखाली डासांची कॉइल, गादीवर इस्त्री, हे सारे कटाक्षाने टाळावे.

पावती आणि अटी

बिलावर थरांची जाडी आणि घनता लिहून घ्यावी. परत घेणार का, किती दिवसांत, न्यायला कोण येणार, हेही लेखी घ्यावं. घरपोच गाद्या पाठवणाऱ्या पुष्कळ कंपन्या शंभर रात्री वापरून पाहण्याची सवलत देतात, पण आपल्या गावातून ती परत न्यायला गाडी येते का ते आधी विचारावं. मी यातलं काहीच केलं नव्हतं. परत घ्या म्हणून गेले तर दुकानदाराने हात वर केले आणि दाखवायला माझ्याकडे होती फक्त रकमेची चिठ्ठी. फसवणूक झाली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे, आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. पण कागद हातात असेल तरच आपलं म्हणणं उभं राहतं.

शेवटी काय केलं?

ती मऊ गादी चिरंजीवांच्या खोलीत गेली. चौतीस किलोचा पोरगा, तो तिच्यात रुतत नाही. सासूबाईंसाठी सहा इंचांची, वर दोनच इंच मेमरी फोम असलेली मध्यम घट्ट गादी घेतली, अकरा हजारांना. पैसे या वेळी दोन हप्त्यांत दिले. आणि या वेळी सासूबाई स्वतः आल्या. आधी "मी नाही बाई चारचौघांत झोपायची" म्हणाल्या. पडदा ओढल्यावर पदर पायांवर घेऊन आडव्या झाल्या, पंधरा मिनिटं गप्प पडल्या आणि तीन गाद्या नाकारून चौथी पसंत केली. सुताराकडून पलंगाचे पाय तीन इंच कापून घेतले. १७ लाही चालले असते, पण आता गादीसकट सगळं १७ इंचांतच बसतं.

कंबरदुखी गेली, असं मी म्हणणार नाही. दुखणं वयाचं आहे, ते आहेच. पण रात्री त्या आपल्या आपण उठतात, खिडकीचा गज धरावा लागत नाही. गेल्या दिवाळीला मी जुन्या कापसाच्या गादीची खोळ उसवायला घेतली, तर पलीकडून आवाज आला.

"कापूस टाकू नकोस हो. पिंजारी भेटला तर दोन उश्या होतील. आणि एक जरा घट्ट भरायला सांग, मला मऊ चालत नाही."

आता त्या सांगतात. आणि मी विचारते.